भावाचं पान, जसं दिसलं तसं: प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५, सावदा

काम काय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत.

केळीचा रोजचा भाव एका वेबपानावर लागतो. तालुका निवडला की खाली केळीच्या प्रतींचा, म्हणजे प्रकारांचा, तक्ता येतो: नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी, आणि भावापुढे फरकाचा आकडा. अडचण एवढीच की तिथे आजचाच भाव असतो. उद्या उजाडला की आजचा पुसला. कटाईच्या दिवशी बोर्डावर, म्हणजे या पानावर, काय भाव होता आणि व्यापाऱ्याच्या पट्टीवर (बिलावर) काय लागला, हा वाद निघतो आठ-पंधरा दिवसांनी. तेव्हा दाखवायला हातात काही नसतं. आप्पांचं पालुपद ठरलेलं: "आजचा भाव दिसतो भो, कालचा कुठी गेला?"

मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवणारे आमच्या शेतकरी गटात आहेत. पण त्यात शोधता येत नाही, बेरीज-सरासरी करता येत नाही, आणि निम्म्या चित्रांत वरची तारीखच कापलेली असते. म्हणून पानाचं एचटीएमएलच (वेबपान ज्या खुणांच्या, म्हणजे टॅगांच्या, मजकुरात लिहिलेलं असतं तो) ठेवायचं ठरलं. मजकूर मजकुरासारखा राहील, तक्ता तक्त्यासारखा.

संध्याकाळी कर्लने (सर्व्हरकडून पान मागवून फाइलीत उतरवणारी आज्ञा) पान उतरवून पाहिलं. क्षणात आलं. फाइल उघडली तर डोक्यात दोन-चार स्क्रिप्टचे टॅग, बॉडीत एक रिकामा डिव्ह (साधी चौकट) आणि त्यात "कृपया थांबा". 'नवती' हा शब्द सगळ्या फाइलीत एकदाही नाही.

१३ मे

गटाचा हिशोब वहिनी बघतात. त्यांनी विचारलं, "भाऊजी, पानावर दिसतंय तर फाइलीत कसं नाही?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून उत्तर इथेच.

सर्व्हर पाठवतो तो एचटीएमएलचा मजकूर. ब्राउझर तो वाचून स्मृतीत एक झाड उभं करतो, त्याला डॉम म्हणतात. मग पानातली स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतला कार्यक्रम, चालते आणि त्या झाडाला फांद्या जोडते, तोडते, बदलते. आपल्या डोळ्यांना दिसतं ते झाड. कंट्रोल-यू दाबून जो 'सोर्स' दिसतो तो मूळ मजकूर. 'इन्स्पेक्ट' केल्यावर एलिमेंट्स पॅनेलमध्ये दिसतं ते या घडीचं झाड. कर्लजवळ जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन नाही, त्यामुळे त्याची धाव पहिल्या मजकुरापर्यंतच.

हाताने करायचं तर सोपं आहे. एलिमेंट्स पॅनेलमध्ये सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर उजवी टिचकी, कॉपी, आउटर-एचटीएमएल. वहिनींनी करून पाहिलं, फाइलीत नवतीचा भाव आला. दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवायच्या. आउटर-एचटीएमएलमध्ये डॉक्टाइपची ओळ येत नाही. ती वरून स्वतः टाकावी लागते, नाहीतर ब्राउझर फाइल जुन्या 'क्वर्क्स' पद्धतीने मांडतो आणि तक्त्याची रुंदी वेडीवाकडी होते. दुसरं, क्रोमच्या 'सेव्ह ॲज'मध्ये 'फक्त एचटीएमएल' निवडलं तर मूळ मजकूर मिळतो आणि 'संपूर्ण वेबपान' निवडलं तर चालू झाड. नावावरून हा भेद कुणाच्या ध्यानात येणार नाही.

रोज संध्याकाळी वहिनींनी हे करायचं, असा एक प्रस्ताव आला. वहिनींनी तो तिथेच मोडीत काढला.

१४ मे

ब्राउझर चालवण्याआधी एक वाट तपासलीच पाहिजे. पान भाव कुठून आणतं? नेटवर्क पॅनेल उघडून, फेच आणि एक्सएचआरची (स्क्रिप्टने मागवलेल्या माहितीची) गाळणी लावून पान पुन्हा लोड केलं. विनंती लगेच सापडली, उत्तर जेसनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा साधा मजकूर). नुसते आकडे हवे असतील तर काम इथेच संपतं. ब्राउझर नको, डॉम नको, कर्ल आणि दहा ओळींचं पायथॉन पुरे. ज्याला फक्त आलेख काढायचाय त्याने यापुढच्या नोंदी वाचूच नयेत.

पण आमचं काम त्याने भागत नाही. जेसनमध्ये प्रतींची नावं नाहीत, एक-दोन-तीन-चार असे क्रमांक आहेत. एक म्हणजे नवती आणि चार म्हणजे वापसी हे पानातली स्क्रिप्ट ठरवते. उद्या त्यांनी क्रमांक बदलले तर आपला जुना साठा मुका होईल. शिवाय वाद होतो तेव्हा प्रश्न असतो, "पानावर काय दिसत होतं?" त्याचं उत्तर पानानेच द्यायला हवं. म्हणून दोन्ही ठेवायचं: जेसन हिशोबाला, पान दाखवायला.

रोबोट्स डॉट टीएक्सटी पाहिली; यंत्रांनी कुठे येऊ नये हे साइट या फाइलीत सांगते. ही प्रथा १९९४ पासूनची, प्रमाण म्हणून आरएफसी ९३०९ आली ती २०२२ मध्ये. आपल्याला हवं ते पान तिथे वर्ज्य नाही. तरी पानाच्या तळाशी असलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने "ठेवा की, त्यात काय" म्हणून विषय मिटवला. दिवसाला एकदाच जायचं, उगाच दर मिनिटाला दार वाजवायचं नाही, हे आपल्या बाजूने.

१७ मे

जळगावच्या एका मित्राने जुनी स्क्रिप्ट पाठवली, फॅंटम-जेएसची. एके काळी या कामाला तेच एक हत्यार होतं. पडदा नसलेला ब्राउझर, २०११ पासूनचा. मग २०१७ मध्ये क्रोम ५९ पासून क्रोमलाच 'हेडलेस' चालता येऊ लागलं, फॅंटमचा सांभाळ करणारा बाजूला झाला, आणि २०१८ मध्ये त्याचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. आजची जावास्क्रिप्ट त्याला उलगडत नाही. मित्राला धन्यवाद दिले, स्क्रिप्ट बाजूला ठेवली.

क्रोमला हेडलेस चालवून 'डम्प-डॉम' हा पर्याय दिला की तो झाड मजकुरात उतरवून टर्मिनलवर ओततो. एका ओळीची आज्ञा. चालवली. आलं काय? "कृपया थांबा."

कारण उघड आहे. डम्प-डॉम पानाच्या 'लोड' घटनेनंतर लगेच उतरवतो. लोड म्हणजे एचटीएमएल, चित्रं, स्क्रिप्ट येऊन पोचली एवढंच. स्क्रिप्टने त्यानंतर मागवलेला भाव अजून वाटेत असतो. दुकानाचं शटर वर गेलं म्हणून माल उतरलाच असं नाही.

यावर 'व्हर्च्युअल टाइम बजेट' असा एक पर्याय आहे. मिलिसेकंदांत आकडा द्यायचा. ब्राउझर आपलं घड्याळ पुढे पळवतो आणि स्क्रिप्टमधले टायमर भराभर उरकतो. नेटवर्कची विनंती बाकी असेल तर घड्याळ अडवून धरतो. दहा हजार दिले. भाव आला. पुन्हा चालवलं, 'कृपया थांबा'ची चकरी. पुन्हा चालवलं, भाव. साध्या पानाला हे पुरेल, पण रोजच्या नोंदीत 'बहुधा' चालत नाही. शिवाय आपल्याला तालुका निवडायचा आहे, तो एका ओळीच्या आज्ञेत कसा निवडणार?

२० मे

आता नीट साधन, स्क्रिप्टमधून ब्राउझर चालवणारं. तीन नावं समोर होती. सेलेनियम सगळ्यात जुनं, २००४ पासूनचं. पपेटिअर २०१७ चं, क्रोमच्याच मंडळींनी केलेलं, जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. प्लेराइट २०२० चं, मायक्रोसॉफ्टचं, पायथॉनमध्येही चालतं. मला पायथॉन येतं म्हणून प्लेराइट. याहून खोल कारण नाही, तिघांपैकी कुणीही हे काम केलं असतं. प्लेराइटची 'कंटेंट' ही आज्ञा झाड उतरवताना डॉक्टाइपही देते, एवढी एक सोय जास्त.

गटाच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू होतंच. क्रोमियमसकट बसवलं.

सगळा प्रश्न आता एकाच जागी येऊन थांबलाय: पान 'झालं' हे कुणी सांगायचं?

घड्याळाला विचारायचं का? पाच सेकंद झोप आणि मग उतरव. खोलीतल्या लाइनवर ते पुरलं. दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला पण वरची लाइन मंदावली, तेव्हा पाच सेकंदांत चकरीच फिरत होती. वीस सेकंद केले तरी खात्री नाही, फक्त वाट जास्त बघायची.

नेटवर्कला विचारायचं का? 'नेटवर्क-आयडल' अशी अट आहे: अर्धा सेकंद एकही विनंती चालू नसेल तर पान शांत झालं असं धरायचं. कागदावर छान. या पानावर वरती बातम्यांची सरकती पट्टी आहे, ती सारखी सर्व्हरशी बोलत असते. पान शांत होतच नाही. तीस सेकंद वाट पाहून प्लेराइट हात वर करतं. त्यांच्या स्वतःच्या दस्तऐवजातही ही अट वापरू नका असंच म्हटलंय.

मग पानालाच विचारायचं. ज्या गोष्टीसाठी आलो ती आली का? नवतीची ओळ तक्त्यात दिसली की उतरव. हे लिहिलं, चाललं, आणि उतरलेल्या फाइलीत नवतीपुढे एक आडवी रेघ. तक्ता आधी रिकाम्या रेघांसह उभा राहतो, आकडे मागून भरतात. म्हणजे ओळ नव्हे, ओळीत आकडा आला का ते पाहायचं.

२१ मे

आकड्याची अट लिहिली: नवतीच्या घरात एक तरी अंक असावा. पडदा दाखवून चालवलं. डोळ्यांसमोर भाव आला, स्वच्छ दिसतोय, आणि स्क्रिप्ट मात्र तीस सेकंद थांबून म्हणते, अंक नाही.

पानावरचे अंक देवनागरी आहेत. वाट पाहण्याची अट पानाच्या आत, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये तपासली जाते, आणि जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधलं (मजकुराचा नमुना शोधायच्या भाषेतलं) अंकाचं चिन्ह फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं. पायथॉनचं तसं नाही. तिथे तेच चिन्ह देवनागरी अंकांनाही लागू पडतं. इतकंच काय, '१२५०' ही अक्षरं पायथॉनच्या इंट-ला (अक्षरांचा आकडा करणारी आज्ञा) दिली तर तो निमूटपणे बाराशे पन्नास करून देतो. जावास्क्रिप्टच्या नंबर-ला दिली तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही'. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन भाषा बोलायच्या तर हे ध्यानात हवं. पानाच्या आतल्या अटीत देवनागरी शून्य ते नऊ वेगळे लिहिले, प्रश्न मिटला. हजाराचा स्वल्पविराम मात्र पायथॉनलाही चालत नाही, तो आधी काढायचा.

हे अंक देवनागरी येतात कुठून? जेसनमध्ये ते इंग्रजी आहेत. पानाची स्क्रिप्ट ब्राउझरची भाषा बघून अंक मांडते. मराठी ब्राउझरला मराठी अंक, इंग्रजी ब्राउझरला इंग्रजी. म्हणजे तेच पान, त्याच क्षणी, दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी 'दिसतं'. प्लेराइट आपण सांगितलं नाही तर संगणकाचीच भाषा धरतं; मी पहिल्या दिवशीच भाषा मराठी-भारत लावून ठेवली होती म्हणून हे समोर आलं. आपले शेतकरी मराठी फोनवर बघतात, म्हणून मराठीच ठेवली. वेळेचा पट्टाही एशिया-कोलकाता असा लिहून दिला. पुण्याच्या भाच्याने हीच स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर पहाटे चालवून पाहिली होती आणि फोन केला, "मामा, पान कालची तारीख दाखवतंय." सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपल्याकडे साडेपाच वाजेपर्यंत तिथे आदलाच दिवस असतो.

२२ मे

तालुका निवडण्याची पायरी जोडली. पान उघडताना यादीतला पहिला तालुका, चोपडा, धरून तक्ता भरतं. आपण रावेर निवडतो, विनंती जाते, उत्तर येईपर्यंत तक्त्यात चोपड्याचेच भाव उभे असतात. आता कालची अट आठवा: नवतीपुढे अंक आहे का? आहे! चोपड्याचा आहे. स्क्रिप्ट खूश, फाइलीवर नाव रावेर आणि आत भाव चोपड्याचे.

तक्त्याच्या मथळ्यात तालुक्याचं नाव येतं आणि ते भावांबरोबरच बदलतं, हे बरं झालं. अट आता तिहेरी: मथळ्यात रावेर, वर आजची तारीख, नवतीपुढे अंक. तिन्ही एकाच वेळी खरं असेल तरच उतरव. तारीख जुनी असेल, म्हणजे सुट्टी किंवा भाव अजून निघालेला नाही, तर पान उतरवायचंच, पण वेगळ्या फोल्डरात, 'शिळं' अशा नावाने. बऱ्हाणपूरचा भाव फुटल्याशिवाय इकडे कुणी बोलत नाही, त्यामुळे कधीकधी उशीर होणार हे धरून चाललंय.

२३ मे

ऊन बेचाळीसच्या वर. संगणकाचा पंखा ओरडतोय. काम बंद.

२६ मे

चार दिवसांपूर्वीची जतन केलेली फाइल आज मुद्दाम उघडून पाहिली. आतला भाव आजचा!

हे सगळ्यांनी एकदा आपल्या हाताने करून पाहावं. उतरवलेल्या एचटीएमएलमध्ये स्क्रिप्टचे टॅग तसेच असतात. फाइल उघडली की ब्राउझर त्या पुन्हा चालवतो. त्या पुन्हा सर्व्हरकडे जातात, आजचा भाव आणतात आणि जुन्या तक्त्यावर चढवतात. नेट बंद करून उघडली तर आणखी वेगळं: क्षणभर जुना भाव चमकतो, मग स्क्रिप्ट मूळ डिव्ह रिकामा करते आणि "कृपया थांबा" येऊन बसतं. पुरावा म्हणून ठेवलेली फाइल समोरच्यासमोर फिरते, असं कुणाला दाखवायला नेलं असतं तर गटाचं हसं झालं असतं.

म्हणून दोन प्रती. पहिली, उतरली तशी, अक्षरही न बदलता. तिला हात लावायचा नाही, ती उघडायची झाली तर एडिटरमध्ये. दुसरी वाचायची प्रत. तिच्यातून स्क्रिप्टचे सगळे टॅग काढायचे, टॅगांमधले ऑन-क्लिक, ऑन-लोड काढायचे, आपोआप ताजं होण्याचा मेटा टॅग असेल तर तोही. चित्रं आणि स्टाइलचे पत्ते अर्धवट असतात, त्यासाठी हेडमध्ये बेस टॅग घालून मूळ पत्ता द्यायचा. वरून खबरदारी म्हणून 'कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी'चा मेटा टॅग, स्क्रिप्टला पूर्ण मनाई. एखादी स्क्रिप्ट नजरेतून सुटली तरी ब्राउझर ती चालवणार नाही.

२७ मे

वाचायच्या प्रतीत आज नवीन भुताटकी. मथळा रावेर, भाव रावेरचे, आणि वरच्या यादीत निवडलेला तालुका चोपडा.

झाड मजकुरात उतरवताना टॅगवर लिहिलेले गुणधर्म उतरतात, स्मृतीतली स्थिती नाही. यादीत रावेर निवडलं हे ब्राउझरच्या स्मृतीत असतं, ऑप्शनच्या टॅगवर कुणी 'सिलेक्टेड' लिहीत नाही. त्यामुळे फाइल उघडताना ब्राउझर यादीतला पहिला दाखवतो. भरलेल्या चौकटीतला मजकूर, टिक केलेली चौकट, सगळ्यांचं असंच. फॉर्म भरलेलं पान जतन करणाऱ्या कुणालाही हे भोवणार.

उपाय छोटा आहे. पहिली प्रत उतरवून झाली की पानाच्या आत चार ओळींची स्क्रिप्ट चालवायची: प्रत्येक ऑप्शनवर निवडलेला असेल तर सिलेक्टेड लिही, नसेल तर पूस, इनपुटवर त्या क्षणाचं मूल्य लिही, टिक असेल तर चेक्ड लिही. मग दुसरी प्रत उतरवायची.

वादात समोरचा माणूस नेमकं इथेच बोट ठेवेल, "अहो, हे तर चोपड्याचं पान." म्हणून हे काम मी स्क्रिप्ट काढण्याइतकंच महत्त्वाचं धरतो, वरवर किरकोळ दिसत असलं तरी.

३० मे

आणखी काय काय उतरत नाही, याची बसून तपासणी केली.

भावाचा आलेख कॅन्व्हासवर (स्क्रिप्टने चित्र काढायची चौकट) आहे. कॅन्व्हासचा टॅग उतरतो, त्यावर काढलेलं चित्र नाही. पांढरी चौकट. पानाच्या आत कॅन्व्हासला चित्र बनवायला सांगता येतं, पण त्यावर दुसऱ्या साइटचं चित्र रंगवलेलं असेल तर ब्राउझर सुरक्षेच्या नावाखाली नकार देतो. आलेखासाठी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट सोबत ठेवला. भाच्याच्या सर्व्हरवर स्क्रीनशॉटमध्ये मराठीच्या जागी चौकोन आले, कारण तिथे देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो हा फॉन्ट बसवल्यावर जोडाक्षरांसकट आलं. एचटीएमएलला फॉन्टची गरज नाही, चित्राला आहे.

स्टाइलचं एक कोडं. काही पानं रंगरूपाचे नियम टॅगात न लिहिता थेट स्मृतीत घालतात. ते उतरत नाहीत आणि फाइल उघडी-बोडकी दिसते. आपल्या पानावर तसं नाही. आय-फ्रेममधला (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातला) मजकूर वेगळं पान म्हणून वेगळा उतरवावा लागतो. शॅडो-डॉममधलाही (मुख्य झाडापासून वेगळं ठेवलेलं छोटं झाड) साध्या आउटर-एचटीएमएलमध्ये येत नाही. आपल्याकडे दोन्ही नाही, सुटलो.

सुटलो नाही ते गाववार यादीत. तक्त्याखाली गावांची लांब यादी आहे आणि तिच्यातल्या पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी झाडात असतात. खाली सरकलं की खालच्या येतात, वरच्या काढून टाकल्या जातात. म्हणजे सगळी यादी एका वेळी झाडात कधीच नसते, कितीही थांबा. थोडं थोडं सरकवून गोळा करता येईल, पण मग ते पान राहत नाही, आपण जोडलेलं गाठोडं होतं. यादी जेसनमधूनच ठेवायची. पानाचा हट्ट इथे धरणार नाही.

२ जून

क्रॉनवर (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) लावलं, रोज रात्री आठला. क्रॉनला आपल्या टर्मिनलचे पाथ माहीत नसतात, म्हणून पायथॉनचा आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. अट पुरी झाली नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, दहापर्यंत.

प्रत्येक मूळ प्रतीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढून तो गटाच्या व्हॉट्सॲपवर जातो. चौसष्ट अक्षरं. पहिल्याच रात्री वहिनींचा निरोप, "हे काय गिचमिड पाठवलंय?" समजावलं: फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी ही चौसष्ट अक्षरांची ओळ पार बदलून जाते. हॅश त्या दिवशीच साठ जणांच्या फोनवर पोचलेला असेल तर "तुम्ही मागून भाव बदललात" असं कुणाला म्हणता येणार नाही. आप्पांना हे फार आवडलं. त्यांच्या मते पट्टीवरही असलं काहीतरी छापायला हवं.

ओळखीच्या वकिलांशी बोललो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याचं कलम ६३. सोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हेही विचारलेलं आहे. आमच्यातलं कुणी केळीच्या पट्टीसाठी कोर्टात जाणार नाही, पण फाइलीत वजन असलेलं बरं.

११ जून

काल संध्याकाळी वादळ. खोलीतली वीज रात्रभर नव्हती, इन्व्हर्टरही बसला. कालचं पान नाही.

एका सदस्याचं म्हणणं, वर्तमानपत्रात भाव आलाय, त्यावरून कालची फाइल तयार करून ठेवू. नाही. पेपरचं कात्रण कात्रण म्हणून ठेवू, तारखेखाली. पानाच्या फोल्डरात कालची जागा रिकामीच राहील आणि लॉगमध्ये कारण लिहिलेलं असेल.

१२ जून

वादळाने न्हावी-फैजपूर पट्ट्यात बागा आडव्या झाल्यात. दोन दिवस या खोलीत पंचनाम्याचे अर्जच भरले जातील. क्रॉन आपलं काम करतोय.

१९ जून

स्क्रिप्ट अडली. पानाचं रूप बदललंय. टॅगांवरची क्लासची नावं सगळी नवी, अर्थहीन अक्षरांची, त्यांचं साधन दर वेळी नव्याने पाडतं तशी. आपण क्लासवर काही टांगलं नव्हतं, मजकुरावर टांगलं होतं, तरी अडलीच: 'पिलबाग'चं त्यांनी 'पिल बाग' केलं आणि केळीच्या चारही प्रतींची नावं तपासणारी ओळ तिथे थांबली. ही ओळ मुद्दाम घातलेली होती. ती नसती तर स्क्रिप्ट मुकाट पुढे गेली असती आणि हिशोबाच्या तक्त्यात पिलबागचं घर महिनाभर रिकामं राहिलं असतं. तपासताना मोकळी जागा काढून तुलना करायची असं केलं. नऊच्या आधी पान उतरलं.

२६ जून

आप्पांच्या एका नातेवाइकाची पट्टी. कटाई झाली त्या दिवशीचं पान उघडलं. मथळा, यादी, तारीख, नवतीचा भाव, सगळं एका पडद्यावर. नेट बंद करून दाखवलं, मग चालू करून दाखवलं. भाव हलला नाही. व्यापाऱ्याचा मुलगा स्वतः संगणक शिकलेला निघाला. त्याने आधी सोर्स उघडायला लावला, मग ग्रुपवरचा त्या रात्रीचा हॅश मागितला आणि जुळवून पाहिला. नंतरची बोलणी भावावर झालीच नाहीत, मालाच्या प्रतीवर झाली: घड नवतीचे धरायचे की पिलबागचे. ते ठरवणं आमच्या स्क्रिप्टच्या आवाक्याबाहेर. शेवटी मध्यावर मिटलं.

३ जुलै

राहिलेली कामं.

वाचायच्या प्रतीसाठी सिंगल-फाइल हे साधन वापरून पाहिलं. स्टाइल आणि चित्रं एकाच फाइलीत भरून देतं, स्क्रिप्ट काढून टाकतं, आणि त्याची कमांड-लाइन आवृत्तीही आहे. बेस टॅगवर विसंबलं तर मूळ साइट बंद पडल्यावर आपल्या प्रती उघड्या पडतील, तो धोका याने जातो. पण कधी उतरवायचं हे त्याला आपणच सांगायचं, त्यामुळे तिहेरी अट सुटत नाही. ती पुरी झाल्यावर त्याला बोलवायचं, असं जुळवतोय.

भाचा म्हणतो वार्क स्वरूपात ठेवा, ग्रंथालयं वेबचे साठे तसेच ठेवतात, आयएसओ प्रमाण आहे. खरं आहे. पण ते उघडायला वेगळं साधन लागतं, आणि आमच्या फाइली बांधावर उभं राहून फोनमध्ये उघडल्या जातात. तूर्त नाही.

फोल्डर महिन्याला जीझिप करायचा आणि एक प्रत भाच्याकडे पुण्याला.

यावलचं पान पुढच्या आठवड्यात जोडायचं. तालुक्याचं नाव आणि मथळ्याची अट, एवढंच बदलायचंय. वहिनींनी हे मला करू न देता स्वतः करणार म्हणून सांगितलंय.